गलबत : खाडीतील तोफनौकेची रचना व कामगिरी

गोवंडीच्या पूर्वेस, तिवरांच्या पट्ट्यापलीकडे, ठाण्याची खाडी आहे. भरतीच्या वेळी ती एखाद्या विस्तीर्ण जलाशयासारखी दिसते. ओहोटी लागली म्हणजे तिच्या दोन्ही काठांवर दूरवर चिखल उघडा पडतो आणि नौकेला जावयास मधला अरुंद पाणमार्ग तेवढा शिल्लक राहतो. सतराव्या व अठराव्या शतकांत मुंबई बंदर, साष्टी बेट व कल्याणचे खोरे यांना जोडणारा हाच मार्ग होता आणि तो आपल्या ताब्यात असावा यासाठी पोर्तुगीज, मराठे व इंग्रज यांनी झगडे केले. भर समुद्रावर दरारा असणारे मोठे लढाऊ जहाज येथे आले, तर त्याला वळावयासही जागा मिळत नसे. मग अशा पाण्यात लढणारी नौका कोणती, या प्रश्नाचे कोकणच्या किनाऱ्याने दिलेले उत्तर म्हणजे गलबत होय.

मराठीत आज 'गलबत' हा शब्द कोणत्याही जहाजास लावला जातो. मराठा आरमाराच्या काळात मात्र त्याला निश्चित अर्थ होता : वल्ही व शीड या दोहोंवर चालणारी, उथळ बुडाची, हलक्या तोफांची लढाऊ नौका. मराठ्यांनी युरोपीयांसारखी मोठी जहाजे बांधली नाहीत, म्हणून त्यांचे आरमार मागासलेले होते, असे विधान वारंवार केले जाते. या विधानात महासागराचे माप खाडीला लावण्याची चूक आहे. गलबताची रचना कोणत्या गरजांतून झाली आणि प्रत्यक्ष कामगिरीत ती कोठे यशस्वी झाली व कोठे अपुरी पडली, हे क्रमाने पाहिले असता ही चूक ध्यानात येते.

पाण्याचे स्वरूप

उल्हास नदी कल्याणवरून खाली येते आणि ठाण्याच्या उत्तरेस तिच्या पाण्याला दोन वाटा मिळतात. एक वाट पश्चिमेकडे वळून वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. दुसरी ठाण्यावरून दक्षिणेस वळते आणि साष्टीचा पूर्व किनारा व तुर्भ्याचा डोंगर यांच्या कडेने मुंबई बंदरात उतरते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी घेतली आणि त्यानंतर लवकरच तेथे लढाऊ नौकांची बांधणी सुरू झाली. १६५९ च्या सुमाराच्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात तिच्याविषयीची चिंता दिसून येते. ही चिंता स्वाभाविक होती. कल्याणास बांधलेली नौका समुद्रावर न्यावयाची, तर ती एक तर वसईच्या किल्ल्यासमोरून किंवा ठाण्यावरून जाणार, आणि ही दोन्ही ठिकाणे पोर्तुगीजांच्या हाती होती. मुंबई इंग्रजांकडे आल्यावर त्यांनाही हाच अनुभव आला. मुंबईहून वरच्या मुलखाकडे जाणाऱ्या मालावर पोर्तुगीज ठाणे व करंजा येथे जकात घेत, आणि त्यावरून दोघांत सतत कुरबुरी चालत.

अशा पाण्यात लढणाऱ्या नौकेस तीन गोष्टी आवश्यक असतात. पहिली, ती उथळ पाण्यात तरंगली पाहिजे आणि ओहोटीत चिखलावर बसली, तरी मोडता कामा नये. दुसरी, ती वाऱ्यावर सर्वस्वी अवलंबून असू नये. कारण खाडीत वारा डोंगराआड पडतो, दिशा बदलतो, आणि अरुंद मार्गात शिडाच्या जहाजाला वाऱ्याविरुद्ध नागमोडी चाल करावयास अवकाश नसतो. तिसरी, तिचा मारा पुढच्या दिशेने होऊ शकला पाहिजे. कारण अरुंद मार्गात शत्रू बहुधा समोर किंवा पाठीमागे असतो, आणि जहाज आडवे करून बाजूच्या तोफा डागण्याची सोय तेथे नसते. गलबत व त्याची थोरली जोडीदारीण गुराब यांच्या बांधणीत या तिन्ही गरजांची छाप दिसते.

रचना

या नौकांचे सर्वांत सविस्तर वर्णन ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकात केले आहे. 'गुराब' हा मूळ अरबी शब्द असून त्याचा अर्थ कावळा असा आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची असे; तीन डोलकाठ्यांच्या थोड्या गुराबा ३०० टनांपर्यंत जात. लांबीच्या मानाने तिची रुंदी बरीच असे, आणि मध्यापासून पुढे ती निमुळती होत जाई. युरोपीय जहाजाप्रमाणे पुढे उंच उचललेला भाग नसून भूमध्य समुद्रातील गॅलीप्रमाणे एक लांब, सखल नाळ पुढे आलेली असे. ही नाळ व मुख्य तक्तपोशी यांच्यामध्ये लाकडी भिंत असून तिच्यातील झरोक्यांतून नऊ ते बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा नाळेवरून सरळ पुढे मारा करीत. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी असत. नाळेवर पाणी चढले, तरी ते बाजूंनी वाहून जाई. त्यामुळे लाटेत गुराब पुढे आपटत असली, तरी तिची आतील बाजू कोरडी राहत असे.

गलबत याच आकाराचे, परंतु लहान असे. मोठ्यात मोठे गलबतही क्वचितच ७० टनांपलीकडे जाई. त्याला दोन डोलकाठ्या असत. मागची हलकी, आणि पुढच्या मुख्य काठीवर एकच मोठे तिकोनी शीड. बहुतेक गलबतांना फळ्यांची भक्कम तक्तपोशी नसून चिरलेल्या बांबूंची हलकी पोशी असे आणि काठावर फिरत्या खुंट्यांवर बसविलेले जंबुरे असत. मोठ्या गलबतांना मात्र पक्की तक्तपोशी असून तिच्यावर दोन ते चार पौंडी गोळ्यांच्या सहा ते आठ तोफा असत. चाळीस ते पन्नास दणकट वल्ह्यांच्या बळावर गलबत ताशी सुमारे चार मैल जाई.

हा वेग कमी भासतो. परंतु ज्या वेळी वारा पडला आहे आणि शत्रूचे मोठे जहाज शिडे लोंबकळत एका जागी खिळून आहे, त्या वेळी ताशी चार मैल म्हणजे हवी ती जागा गाठण्याचे संपूर्ण स्वातंत्र्य होय. मोठ्या जहाजाची मुख्य ताकद त्याच्या दोन्ही बाजूंच्या तोफांत असते. मागच्या बाजूस मारा करण्याची सोय अल्प असते. वल्ह्यांवर चालणारी नौका याच दुबळ्या बाजूस जाऊन उभी राहू शकते.

तथापि कोणतीही रचना काही दिल्यावाचून काही मिळवीत नाही. वल्हेकऱ्यांसाठी जागा लागते, त्यांच्यासाठी अन्न व गोडे पाणी लागते. तेवढा दारूगोळा व साठा कमी होतो. म्हणून गलबत फार दिवस समुद्रावर राहू शकत नसे. संध्याकाळी एखाद्या खाडीत शिरण्याची सोय त्याला जवळपास हवी असे. त्याचा हलका सांगाडा मोठ्या तोफेचा धक्का सहन करू शकत नसे, आणि त्याच्या चार पौंडी गोळ्याने मोठ्या जहाजाच्या सागवानी किंवा ओक लाकडाच्या कुशीस फारशी इजा होत नसे. अर्थात गलबत एकटे लढणारे जहाज नव्हते. त्याचा विचार गुराब, खाडी व किल्ला यांच्यासह एका व्यवस्थेचा घटक म्हणूनच करावा लागतो.

आज्ञापत्रातील धोरण

ही व्यवस्था केवळ परंपरेने आलेली नसून विचारपूर्वक स्वीकारलेली होती, याचा पुरावा रामचंद्रपंत अमात्य यांच्या 'आज्ञापत्रा'त मिळतो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील या ग्रंथात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार थोर नाहीत व फार लहान नाहीत अशा मध्यम प्रतीच्या कराव्या, गलबतेही तशीच करावी, आणि वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशी थोर जहाजे करू नयेत, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, अशी तेथे योजना आहे. एका गुराबेमागे तीन गलबते हे प्रमाण दोहोंच्या कामाची वाटणी स्पष्ट करते : तोफांचे काम गुराबेने करावयाचे आणि ओढणे, वेढणे व चढाई करणे ही कामे गलबतांनी करावयाची.

याच प्रकरणात लाकडाविषयीचा विचारही आहे. सागवानासारखे वृक्ष आपल्या अरण्यांतून परवानगीने तोडावेत, परंतु रयतेच्या आंबा-फणसांस हात लावू नये, असे अमात्य बजावतात. मध्यम आकाराच्या नौकेचा आणखी एक फायदा येथे दिसतो. प्रचंड जहाजाच्या काठ्या व कण्यासाठी लागणारे असामान्य मोठे वृक्ष सर्वत्र मिळत नाहीत. गलबताचे लाकूड मात्र जवळच्या रानातून येई व नौका खाडीच्या काठावरच बांधली जाई. मोठ्या डागडुजीसाठी विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटण खाडीच्या काठी खडकात गोदी खोदलेली होती. तिची लांबी सुमारे ३५५ फूट व रुंदी सुमारे २२७ फूट असल्याची नोंद आहे. तिचे अवशेष आजही दिसतात.

कामगिरी : समुद्राच्या तोंडाशी

या युद्धपद्धतीची पहिली मोठी कसोटी १६७९ मध्ये खांदेरी बेटापाशी लागली. मायनाक भंडारी याने बेटावर तटबंदी सुरू केली आणि मुंबईकर इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबर १६७९ च्या लढाईत इंग्रजांचे 'रिव्हेंज' हे मोठे जहाज मराठ्यांच्या नौकांना मागे रेटू शकले. तथापि 'डोव्हर' नावाची त्यांची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. माघार घेतलेल्या नौका नागावच्या खाडीत उथळ पाण्यात शिरल्या आणि तेथे पाठलाग थांबला. यापुढेही रात्रीच्या अंधारात वल्ह्यांवर चालणाऱ्या लहान नौका बेटावर माणसे व सामग्री पोहोचवीतच राहिल्या. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. लढाईतील तोफांचा हिशेब इंग्रजांच्या बाजूने होता. परंतु मोहिमेचा निकाल पाण्याच्या खोलीने व वल्ह्यांनी लावला.

आंग्र्यांच्या काळात या पद्धतीस पूर्णता आली. ऑर्मच्या वर्णनानुसार आठ-दहा गुराबा व चाळीस-पन्नास गलबते यांचा ताफा एखाद्या खाडीत किंवा आखातात दबा धरून असे. सावज दृष्टीस पडताच नौका नांगर उचलीत. वारा असल्यास गुराबा शिडांवर जात. वारा नसल्यास गलबते त्यांना दोर लावून ओढीत नेत. तोफेच्या टप्प्यात येताच गुराबा सावजाच्या पिछाडीस जमत व डोलकाठ्यांवर नेम धरीत. जहाज पांगळे झाले म्हणजे प्रत्येकी दोन-तीनशे माणसांनी भरलेली गलबते चहूकडून भिडून तलवारीने चढाई करीत. डिसेंबर १७३५ मध्ये 'डर्बी' हे कंपनीचे विलायतेहून येणारे जहाज संभाजी आंग्रे यांच्या आरमाराने पाडाव केले, ते पिछाडीकडून मारा करून व डोलकाठ्या तोडूनच. १७४९ मध्ये वीस तोफांचे 'रेस्टोरेशन' तुळाजी आंग्रे यांच्या हाती पडले. १७५४ मध्ये ५०, ३६ व १८ तोफांच्या तीन डच जहाजांशी झालेल्या लढाईत पहिली दोन जाळली गेली व तिसरे पकडले गेले.

कामगिरी : ठाण्याच्या खाडीत

ठाण्याच्या खाडीतील लढायांचे स्वरूप वेगळे होते. येथे सावज गाठावयाचे नसून माणसे पलीकडे उतरवावयाची किंवा शत्रूची माणसे उतरू द्यावयाची नव्हती. मार्च १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने रात्री खाडी ओलांडून ठाण्याचा किल्ला घेतला. त्या वेळी किल्ल्याचे बांधकाम अपुरे होते. यानंतर साष्टीचा बहुतेक भाग मराठ्यांकडे आला. १७३८ मध्ये पोर्तुगीजांनी नौकांतून येऊन ठाणे परत घेण्याचा प्रयत्न केला. मुंबईकर इंग्रजांकडून मराठ्यांना याची आगाऊ सूचना मिळाली होती. काठावरील तोफांच्या माऱ्याने हल्ला मोडला आणि त्यात पोर्तुगीज सेनानी मारला गेला. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि उल्हासच्या दोन्ही वाटा मराठ्यांच्या स्वाधीन झाल्या. डिसेंबर १७७४ मध्ये हीच खाडी वर चढून इंग्रज ठाण्यावर आले. त्यांनी किल्ला हल्ला करून घेतला. परंतु बॉम्बे मरीनचा कमोडोर जॉन वॉटसन याला या वेढ्यात प्राणघातक जखम झाली.

१७३८ व १७७४ या दोन प्रसंगांची तुलना उद्बोधक आहे. दोन्ही वेळी शत्रू पाण्यावरून आला आणि दोन्ही वेळी सर्वांत मोठा धोका काठावरील तोफांचा होता. खाडी अरुंद असल्याने नौका नेहमीच काठाच्या टप्प्यात असते. अर्थात काठ ज्याचा त्याचीच खाडी. गलबत काठाच्या सत्तेला पूरक ठरते, पण तिची जागा घेऊ शकत नाही.

प्रतिपक्षाने घेतलेला धडा

गलबताची उपयुक्तता सर्वांत आधी ओळखली ती त्याच्या शत्रूंनी. मुंबईकर इंग्रजांनी स्वतःच्या संरक्षणासाठी गुराबा व गलबते बांधली आणि त्यांवर कोकणी खलाशी ठेवले. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकीर्दीत याहून निराळा प्रयोगही झाला. विजयदुर्गाच्या तटाला भिडता यावे म्हणून मुंबईत 'फ्राम' नावाची सपाट तळाची, जाड भिंतींची, अवजड तोफांची तरती बुरूजनौका तयार करण्यात आली आणि १७२० मध्ये ती मोहिमेवर नेण्यात आली. तोफांची भोके इतकी खाली ठेवली होती की तोफांची तोंडे पुरेशी वर उचलता येईनात आणि गोळे तटापर्यंत पोहोचेनात. मोहीम फसली. उथळ बूड व मोठी तोफ या दोन्ही गोष्टी 'फ्राम'मध्ये होत्या. स्वतःच्या बळावर हव्या त्या जागी जाण्याची शक्ती नव्हती आणि माऱ्याचा कोनही साधलेला नव्हता. रचनेतील एक गुण वाढवून इतर गुणांची उणीव भरून निघत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

विजयदुर्गचा निकाल

१७५५ मध्ये पेशवे व इंग्रज यांच्यात तुळाजीविरुद्ध करार झाला. सुवर्णदुर्गाजवळ कमोडोर विल्यम जेम्स याने आंग्र्यांच्या ताफ्याचा पाठलाग केला, तेव्हा नौकांवरील लोकांनी अवजड सामान समुद्रात फेकले, मिळेल ते कापड, अगदी पागोटीसुद्धा, वाऱ्यावर ताणली आणि ते निसटले. फेब्रुवारी १७५६ मध्ये मात्र ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, त्या वेळी तुळाजीचे आरमार वाघोटणच्या मुखाशी, किल्ल्याच्या आश्रयाने, परस्परांना बांधून उभे होते. तोफगोळ्यांच्या माऱ्यात कंपनीकडून सात वर्षांपूर्वी पाडाव केलेल्या 'रेस्टोरेशन'ने पेट घेतला आणि तिच्यापासून आग इतर नौकांस लागून जवळजवळ सर्व ताफा भस्मसात झाला.

हा पराभव गलबताच्या रचनेचा मानला जातो; परंतु वस्तुस्थिती तशी नाही. ज्या नौकेचे सारे सामर्थ्य हालचालीत होते, ती त्या दिवशी दोरखंडांनी बांधलेली होती. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज आल्यामुळे मागे सरकावयास मोकळा काठ उरला नव्हता. किल्ला व खाडी यांच्या आधाराने उभी राहिलेली व्यवस्था, स्वकीयांच्याच फौजेने तो आधार काढून घेतल्यावर कोसळली. मराठा राज्याच्या एका हाताने दुसऱ्या हाताचे हत्यार मोडले, असेच या घटनेविषयी म्हणावे लागते.

याला पुढील काळातील एक घटना दुजोरा देते. एप्रिल १७८३ मध्ये, सालबाईच्या तहानंतर, आनंदराव धुळप यांच्या पेशवाई आरमाराने दोन मोठी जहाजे, एक केच व आठ गलबते यांच्या बळावर बॉम्बे मरीनचे 'रेंजर' हे बारा तोफांचे जहाज तुंबळ लढाईनंतर पकडून विजयदुर्गास नेले. विजयदुर्गच्या अग्निकांडानंतर सत्तावीस वर्षांनीही मोठ्या जहाजाबरोबर गलबतांची जुनी जोडी कामास येत होती.

गलबतानंतर

गलबताची खरी अखेर वाफेने केली. १८२९ मध्ये मुंबईच्या गोदीत नौरोजी जमशेटजी वाडिया यांच्या देखरेखीखाली 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनांची आगबोट पाण्यात सोडण्यात आली. तिला प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन एंजिने होती. वाऱ्यापासून मुक्तता हे जे काम पन्नास वल्हेकरी करीत, ते आता एंजिन करू लागले. त्याबरोबर परावलंबनाचा प्रकारही बदलला : गोड्या पाण्याऐवजी कोळसा लागू लागला आणि आश्रयाच्या खाडीऐवजी कोळशाची वखार.

मात्र मूळ प्रश्न तेच राहिले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराने नद्यांसाठी 'इन्सेक्ट' वर्गाच्या तोफनौका बांधल्या. त्यांची लांबी सुमारे २३७ फूट व रुंदी ३६ फूट होती. पाण्याखालील खोली मात्र अवघी ४ फूट होती. उथळ पाण्यात पंखे तळाला घासू नयेत म्हणून ते बुडातील पोकळ बोगद्यांत बसविलेले होते. सहा इंची दोन तोफांपैकी एक पुढच्या व एक मागच्या टोकास होती. एप्रिल १९१६ मध्ये कूत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला शरण जावे लागले. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. पुढल्या वर्षी टायग्रिस नदीवर झालेल्या चढाईत याच वर्गाच्या 'टॅरँटुला', 'मँटिस' व 'मॉथ' या नौकांनी भाग घेतला. उथळ बूड, वाऱ्यावाचून गती, टोकाकडील मारा : गलबत व गुराब यांच्या बांधणीतील तिन्ही तत्त्वे पोलाद व वाफेच्या भाषेत येथे पुन्हा प्रकट झालेली दिसतात. या दोन रचनांत वारशाचा संबंध नाही. समान पाण्याने समान उत्तर घडविले, एवढाच त्याचा अर्थ.

निष्कर्ष

गलबताच्या मर्यादा उघड आहेत. त्याला महासागर ओलांडता येत नव्हता, पावसाळ्यात ते बंदरात छावणीस ठेवावे लागे, आणि दूरच्या व्यापाराचे रक्षण त्याच्याकडून होणे शक्य नव्हते. मराठ्यांनी सागरी व्यापाराची सत्ता उभारली नाही, हा आक्षेप खरा आहे; परंतु तो राज्याच्या धोरणावरील आक्षेप आहे, नौकेच्या रचनेवरील नव्हे. किनारा व खाड्या राखणे हे जे काम तिच्याकडे सोपविले होते, त्यासाठी ती विचारपूर्वक घडविलेली होती, आणि जोवर काठ तिच्या बाजूने होता तोवर ते काम तिने चोख केले.

ठाण्याच्या खाडीस २०२२ मध्ये रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. गोवंडी-मानखुर्दच्या बाजूने भर पडत गेल्याने तिचा काठ बराच बदलला आहे. परंतु भरती-ओहोटीचा क्रम बदललेला नाही. आरमाराच्या इतिहासाचे अध्ययन करणाऱ्याने कागदपत्रांबरोबर हा चिखल, हा अरुंद पाणमार्ग आणि हा पडणारा वाराही पुरावा म्हणून वाचला पाहिजे. जहाजाची परीक्षा त्याच्या तोफांच्या संख्येवरून करावयाची नसते. ते ज्या पाण्यासाठी बांधले गेले, त्या पाण्यावरून करावयाची असते.